आवडता संशयित

माणसाला दोन हौशी जन्मतःच असतात. एक, दुसऱ्यावर संशय घेण्याची. आणि दुसरी, दुसऱ्याला नंबर देण्याची. पाळण्यातलं पोर अनोळखी पाहुण्याकडे ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेत एक फौजदार असतो. आणि तेच पोर कोणाकडे झेप घ्यायची नि कोणाला बघून भोकाड पसरायचं हे ठरवतं, तेव्हा त्याच्यातला परीक्षक जागा झालेला असतो. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न वगैरे गोष्टींमुळे आपण थोडे सभ्य दिसू लागतो इतकंच. एरवी लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला हातात धरून आपण हेच करत असतो. ‘मुलाकडच्यांत त्यातल्या त्यात मामा बरे’ हा झाला नंबर, आणि ‘त्या काकांवर मात्र लक्ष ठेवा’ हा झाला संशय.

आता या हौशी सुट्या सुट्या सगळ्या जगात आहेत. पण दोन्हींची मोट बांधून तिचा रीतसर कारखाना काढावा तो जपान्यांनीच. रहस्यकथांचे जे संगणकी खेळ तिकडे निघतात, त्यांत खुनाच्या प्रकरणात अडकलेल्या समस्त मंडळींची यादी करायची, आणि त्यातलं आवडतं माणूस कोण, यावर वाचकांनी मतं द्यायची! नीट लक्षात घ्या, खुनी कोण यावर मतदान नाही. आवडता कोण, यावर. म्हणजे या निवडणुकीत मेलेला उभा राहू शकतो, मारणारा उभा राहू शकतो आणि पकडणाराही उभा राहू शकतो. अनामत रक्कम कोणाचीच जप्त होत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा प्रकार ऑडिटरला आवडता घोटाळा कोणता असं विचारण्यासारखा वाटला. पण वाणिज्य शाखेत एक शिकवण फार लवकर मिळते. कुठलीही नोंद विचित्र वाटली, की तिच्या मागच्या नोंदी काढून बघाव्या. म्हणून मी मागे मागे गेलो, तो थेट सतराव्या शतकात जाऊन पोचलो.

त्या काळात जपानी लोक काबुकी नाटकांनी वेडे झालेले होते. नटांचे गुणदोष सांगणाऱ्या पुस्तिका निघायच्या. १६९९ साली क्योतोच्या हाचिमोन्जिया नावाच्या प्रकाशकानं एजिमा किसेकी या लेखकाकडून अशी एक पुस्तिका लिहून घेतली, आणि तिनं पुढच्या सगळ्या पुस्तिकांना वळण घालून दिलं. तिच्यात नटांना चक्क श्रेणी दिलेल्या असत. ‘उत्तम उत्तम शुभ’ अशा थाटाच्या. आणि मजकूर संवादाच्या रूपात. एक सभाध्यक्ष असायचा, काही नटाचे भक्त असायचे, आणि एक गृहस्थ खास वाईट बोलण्यासाठी नेमलेले असायचे! आपल्याकडे प्रत्येक नाट्यगृहाबाहेर मध्यंतरात असे एक गृहस्थ बटाटेवडा खात उभे असतात. पण त्यांची अधिकृत नेमणूक करण्याइतकी शिस्त आपल्यात नाही.

पुढे कुस्तीचं वेड वाढलं. सुमो पैलवानांची क्रमवारी एका मोठ्या कागदावर छापली जाते, तिला बान्झुके म्हणतात. डावीकडे पश्चिमेचे पैलवान, उजवीकडे पूर्वेचे. वरच्यांची नावं जाड ठसठशीत अक्षरांत, आणि खाली उतरावं तसतशी अक्षरं बारीक होत जातात. अगदी तळाच्या पैलवानांना तिकडे ‘भिंग’ असंच टोपणनाव आहे, कारण त्यांचं नाव वाचायला भिंग लागतं. बँकेची सीनियॉरिटी लिस्ट पाहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

हा कागद एदोच्या लोकांना इतका आवडला की त्यांनी पैलवान वगळून बाकीच्या सृष्टीचीही तशीच क्रमवारी लावायला सुरुवात केली. गरम पाण्याच्या झऱ्यांची क्रमवारी निघाली. पूर्वेचा महापैलवान कुसात्सु, पश्चिमेचा अरिमा. काटकसरीच्या पदार्थांचीसुद्धा कुस्ती लागली. थोडक्यात, जगात जे जे काही एकाहून अधिक आहे, त्याला नंबर द्यायचाच, हा बाणा त्या लोकांनी रेल्वे येण्याच्या आधीपासून जपला. मग १९६८ साली ‘शोनेन जम्प’ नावाचं मुलांचं चित्रकथांचं नियतकालिक निघालं, त्यानं तर अंकातच पोस्टकार्ड घातलं. आवडलेल्या तीन मालिका लिहून कळवा! ज्यांना मतं कमी, त्या मालिका गुंडाळल्या जायच्या. हातात पोस्टकार्ड आलं की दहा वर्षांचं पोरही संपादक होतं, ते असं.

नंबरांचा इतिहास हा असा. आता संशयाचा.

संशयाची पेढी जुनी इंग्लंडातली. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइल साहेबांनी ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं. साहेबांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि हा चिरूट-तपकिरीचा भाऊ त्यांना सवड देत नव्हता. पण वाचक ऐकतात होय? त्यांनी इतका तगादा लावला की १९०१ मध्ये साहेबांना होम्सची एक जुनी हकीकत म्हणून कादंबरी द्यावी लागली आणि १९०३ मध्ये त्याला जिवंतच करावं लागलं. वसुलीचं इतकं यशस्वी उदाहरण आमच्या खात्यातही सापडायचं नाही. पुढे १९२७ साली त्याच मासिकानं गंमत केली. साहेबांनी स्वतःच्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी करून ठेवली, आणि ती यादी ओळखण्याची स्पर्धा लावली. बक्षीस शंभर पौंड. बाराच्या बारा कोणालाही जुळल्या नाहीत. जिंकणाऱ्याच्या दहा जुळल्या. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याची आवड आणि ज्यांनी वाचलं त्यांची आवड यांचा ताळा शंभर पौंड लावूनही पुरता बसला नाही. हा फरक पुढच्या साऱ्या प्रकरणात महत्त्वाचा आहे, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ही इंग्रजी पेढी जपानात रुजली ती १९२३ च्या सुमाराला. त्या वर्षी एका लेखकाची पहिली रहस्यकथा आली. त्यानं स्वतःचं टोपणनाव घेतलं होतं ‘एदोगावा राम्पो’. भरभर म्हणून बघा. एडगर ॲलन पो! आपल्याकडे एखाद्यानं ‘कानन डोईफोडे’ नावानं लिहावं, तसलाच हा मामला. पण राम्पोंनी तिकडे रहस्यकथेचा संसार असा थाटला की मुलं-नातवंडं अजून नांदताहेत. त्या काळात आपल्याकडेही बाबुराव अर्नाळकरांची गादी सुरू व्हायची होती. आमच्या वडिलांच्या पिढीत झुंजार श्रेष्ठ की काळा पहाड, यावर वाचनालयाच्या पायरीवर हातघाई व्हायची. फक्त तिथे कोणी मतपत्रिका छापल्या नाहीत. आवाज ज्याचा मोठा, तो विजयी.

आता येतो १९८३ चा जून महिना. कप्तान कपिलदेवनं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला तो हाच महिना. त्याच महिन्यात जपानात युजी होरी नावाच्या तरुणानं संगणकावरचा एक खेळ बाजारात आणला. नाव लांबलचक आहे, अर्थ इतकाच: पोर्टोपियाचं खूनसत्र. गाव कोबे. खून होतो तो कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या मालकाचा, बंद खोलीत. (कर्जवाटपाच्या धंद्यातला माणूस म्हणून माझं काळीज इथे थोडं हललं, हे लपवत नाही.) खेळणारा माणूस म्हणजे तपास करणारा साहेब. साहेब स्वतः काही करत नाही. तो फक्त हुकूम सोडतो. हे तपास, त्याला विचार, तिकडे जा. आणि ते सगळं निमूटपणे करतो साहेबाचा साहाय्यक, यासु.

चाळीस वर्षं उलटून गेली, तेव्हा आता गुपित फोडायला हरकत नाही. खुनी यासुच निघतो.

जपानभर लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या डोळ्यांनी आपण बघत होतो, ज्याच्या हातांनी कुलपं तपासत होतो, तोच! ‘खुनी यासु आहे’ हे वाक्य तिकडे म्हणीसारखं झालं. कोणत्याही गोष्टीचा शेवट फोडायचा झाला की म्हणतात. यासुनं खून का केला, ते मी सध्या राखून ठेवतो. पण होरीनं काय केलं ते बघा. त्यानं खुन्याला अंधारात दडवलं नाही, पडद्यामागे नाही, भुयारात नाही. त्यानं त्याला आपल्या भरवशाच्या मागे दडवलं. माणूस आपल्या मर्जीतला झाला की आपण त्याची झडती घेत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं सारं भांडवल ते हेच.

यानंतर या खेळांनी जोर धरला. त्यांना पुढे व्हिज्युअल नॉव्हेल असं नाव पडलं. प्रकार साधा आहे. पडद्यावर एक चित्र, चित्रासमोर एक माणूस उभा, खाली त्याचं बोलणं, मागे संगीत. बटण दाबलं की पुढचं वाक्य. बटण दाबायचं, वाचायचं, बटण दाबायचं, वाचायचं. मधेच कधीतरी विचारतात, ‘आता डावीकडे जाऊ की उजवीकडे?’ आणि आपण चुकीचं दार उघडलं की मरतो. म्हणजे कादंबरीच, पण वाचकाला जबाबदार धरणारी.

१९९४ साली चुन्सॉफ्ट कंपनीनं ‘कामाइताची नो योरु’ काढली. लेखक ताकेमारु आबिको. क्योतो विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातून जे लेखक निघाले, त्यांच्यापैकी एक. बर्फात अडकलेलं डोंगरावरचं एक लहानसं हॉटेल, त्यात मोजकी माणसं आणि एक खून. यातली मौज अशी, की यातल्या एकाही माणसाला चेहरा नाही. सगळे नुसते निळ्या सावल्यांचे आकार. नाक नाही, डोळे नाहीत, हसू नाही. तरी वाचकांनी त्या सावल्यांवर जीव लावला, त्यांतल्या कोणावर चिडले, कोणासाठी हळहळले. मला यात नवल वाटत नाही. काउंटरच्या काचेपलीकडून येणाऱ्या नुसत्या हातांवरून आम्ही माणसं ओळखतो आणि त्यांतले काही हात आम्हाला मनापासून आवडतात. मतदान व्हायला चेहरा लागतो, हा भ्रम आहे.

मग आले वकील. २००१ साली कॅपकॉमनं ‘ग्याकुतेन साइबान’ आणला, म्हणजे उलटणारा खटला. कर्ता शू ताकुमी. नायक आरोपीचा वकील, त्याचं आडनाव नारुहोदो. जपानीत ‘नारुहोदो’ म्हणजे ‘अस्सं होय!’ आपल्याकडे एखाद्या वकिलाच्या पाटीवर ‘ॲड. अस्संहोय’ लिहिलेलं असावं, तसं. या खेळात खटला तीन दिवसांत संपतो. तीन दिवसांत! आपल्याकडे तेवढ्यात वकीलपत्रावर तिकीट चिकटत नाही.

नारुहोदोचा प्रतिपक्षी सरकारी वकील मित्सुरुगी. मरून रंगाचा सूट, गळ्याशी पांढरी झालर, भुवईत आठी, आणि पहिल्या खेळात तर हा हरणं माहीत नसलेला, उद्धट गडी. त्याची नेमणूकच वाचकांनी त्याला नावं ठेवावीत म्हणून झालेली. आणि झालं काय? वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. इतकं, की २००९ साली त्याला स्वतःचा स्वतंत्र खेळ मिळाला. त्याच वर्षी तिकडच्या ताकाराझुका मंडळीनं या खेळावर संगीत नाटकही बसवलं. त्या मंडळीत सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात. आपल्याकडच्या बालगंधर्वांच्या बरोबर उलटा हिशेब. डॉइल साहेबांच्या यादीचं जे झालं तेच इथे. लेखकानं नेमून दिलेली आवड वाचक पाळत नाहीत. प्रतिपक्ष म्हणून उभा केलेला माणूस मतांच्या जोरावर नायक होऊन बसतो. राजकारणात हे आपण पाहतोच. फक्त तिथे तो आधी पक्ष बदलतो.

पण मतदानाची खरी भीती दाखवली ती २०१० सालच्या ‘दांगानरोन्पा’नं. एका शाळेत विद्यार्थी कोंडले आहेत. मुख्याध्यापक म्हणजे अर्धं काळं, अर्धं पांढरं अस्वल. (यावर शिक्षकवर्गानं रागावू नये, मी फक्त इतिहास सांगतोय.) नियम असा: बाहेर जायचं असेल तर कोणाचा तरी खून करायचा आणि पकडलं जायचं नाही. मग सगळ्यांची सभा भरते, वाद होतो, आणि खुनी कोण यावर मतदान होतं. बहुमत बरोबर निघालं तर खुनी संपला. बहुमत चुकलं तर खुनी सुटला आणि बाकीचे सगळे संपले. म्हणजे मत चुकल्याचं भाडं मत देणाऱ्यानं भरायचं. लोकशाहीची इतकी कडक आवृत्ती दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे वाचताना मला एका शाखेतली संध्याकाळ आठवली. फार वर्षं झाली. मी नुकताच नोकरीला चिकटलो होतो. आणि उमेदवारीच्या काळात माणसाला मत नसतं, फक्त कान असतात. रोकड जुळवताना पाच हजार रुपये कमी भरले. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. पण साडेसहाच्या सुमाराला मतदान पुरं झालं होतं. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेनं जाऊन परत येत होत्या. तिथे एक दप्तरी होते. पन्नाशीचे, अबोल. चहाच्या वर्गणीत नसायचे, निरोप समारंभाला थांबायचे नाहीत, कोणाच्या विनोदाला हसायचे नाहीत. त्यांच्याविरुद्ध पुरावा एवढाच होता. आणि रोखपाल? ते गणपतीत नाट्यगीतं म्हणायचे, सर्वांच्या पोराबाळांची नावं त्यांना पाठ. त्यांच्याकडे कोणी संशयानं बघणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एक पेन्शनर आजी काठी टेकत आल्या. काल आपल्याला पाच हजार जास्त आले, असं म्हणून त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या. जास्त दिले होते ते अर्थातच त्या लोकप्रिय हातांनी. खून नव्हता, चोरी नव्हती. साधी मोजणीतली घसरण. दप्तरीबुवांनी आजींना बसायला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं आणि ते आपल्या कपाटाकडे गेले. आदल्या संध्याकाळचं त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. आवडत्याची निवडणूक आणि संशयिताची निवडणूक या दोन नाहीतच. मतपत्रिका एकच असते. आपण ती सरळ धरतो की उलटी, इतकाच फरक.

आणि नेमकी हीच गोष्ट ज्यानं खेळात मांडली, तो निघाला आमच्याच जातकुळीतला. र्युकिशी झीरो-सेव्हन हे त्याचं टोपणनाव. मूळचा सरकारी नोकर! दिवसा सरकारी कागद आणि रात्री खुनाच्या कथा. २००२ च्या ऑगस्टात तोक्योतल्या हौशी लेखकांच्या जत्रेत त्यानं आपल्या मंडळींबरोबर तयार केलेला ‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’चा पहिला भाग विकायला ठेवला. हिगुराशी म्हणजे संध्याकाळी किर्र करणारा एक किडा. चित्रंही त्यानं स्वतःच काढली, आणि ती अशी की माणसांचे पंजे हातमोज्यांसारखे दिसावेत. पण कथा अशी की वाचणाऱ्याला दिवा मालवता येऊ नये. गोष्टीचा काळ? १९८३ चा जून. पुन्हा तोच महिना! डोंगरातलं एक खेडं, चार-पाच शाळकरी पोरं, दर वर्षी जत्रेच्या रात्री एक मरण. यात वाचकाला डावं-उजवं काही निवडायचं नाही. फक्त वाचायचं, आणि मित्रांपैकी कोण कसं वागतंय ते बघत संशय घ्यायचा. आणि गोष्ट पुढे पुढे हेच दाखवते, की घात होतो तो बहुतेक वेळा त्या संशयानंच. मित्राला विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, म्हणून.

आठ भाग संपले २००६ मध्ये. २००७ पासून त्यानं ‘उमिनेको’ सुरू केली. १९८६ चा ऑक्टोबर, वादळात सापडलेलं बेट, अठरा माणसं. म्हाताऱ्या आजोबांकडे दहा टन सोनं आहे असा बोलवा; चार मुलं, आणि चौघांनाही पैशांची निकड. दहा टन म्हणजे साडेआठ लाख तोळ्यांच्या वर. मी सवयीनं आधी लॉकरचा विचार केला. बाकी वाटणीची भांडणं वाचताना आपण जपानात आहोत हे विसरायला होतं. फक्त फणसाचं झाड कोणाचं, एवढाच प्रश्न तिथे नाही. या कथेत आणखी एक गंमत आहे. लाल अक्षरांत लिहिलेलं वाक्य हे निर्विवाद सत्य मानायचं. आयुष्यभर लाल शाई म्हणजे खात्यात खड्डा, असं समजणाऱ्या माणसाला ही लाल अक्षरं पचायला दोन आठवडे लागले. पण त्याचं सांगणं इथेही तेच. नुसता खुनी शोधायला निघालेल्या माणसाला खुनी सापडेल कदाचित, माणसं सापडणार नाहीत. त्यासाठी थोडी माया लागते.

हे सगळं मला कळलं ते आमच्या कन्येमुळे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली तीन वर्षं या खुनांत राहते. या दिवाळीत तिनं घरातच निवडणूक जाहीर केली. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर या सगळ्या खेळांतली बारा नावं लिहून भिंतीला लावली. मतदार सात: ती, तिच्या तीन मैत्रिणी, सौ., मी आणि माझी आई. प्रत्येकाला तीन मतं.

मैत्रिणींनी मित्सुरुगीला मतं दिली, ती झालरीवर. सौ.नंही दिलं. ‘निदान इस्त्री तरी करतो,’ एवढंच कारण तिनं सांगितलं आणि माझ्या सदऱ्याकडे बघितलं. मी पहिलं मत दिलं ते हवालदार इतोनोकोगिरींना. नारुहोदोच्या खेळातला हा भाबडा पोलीस. साहेब रागावले की दर वेळी त्याचा पगार कापतात, आणि बिचारा शेवया उकडून दिवस काढतो. दुसरं मत हिगुराशीतल्या इन्स्पेक्टर ओइशींना. जाडगेले, पत्त्यांसारख्या सोंगट्यांच्या खेळाचे शौकीन, आणि निवृत्त व्हायच्या आत हे प्रकरण मिटवायला धडपडणारे. मत देताना आपण बहुधा आरशात बघत असतो. तिसरं मत मी गुप्त ठेवलं. तो घटनेनं दिलेला हक्क आहे.

राहिली आई. वय एक्याऐंशी. तिनं चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘यातला खुनी कोण, ते आधी सांगा. म्हणजे त्याला मत जायला नको.’

‘आजी, ते सांगायचं नसतं!’ कन्या म्हणाली.

‘मग ही मुलगी कोण? एवढीशी?’

‘ती रिका. हिगुराशीतली. तिला आई-बाबा नाहीत. ती आणि तिची मैत्रीण दोघीच राहतात.’

‘दोघीच? मग स्वयंपाक कोण करतं?’

‘त्याच करतात. पण आजी, तिच्यावरसुद्धा संशय आहे हं.’

‘संशय असला म्हणून काय पोरीनं जेवायचं नाही?’ आई म्हणाली, आणि पहिलं मत रिकाला गेलं. दुसरं, हवालदार शेवया खाऊन राहतो हे कळल्यावर, त्याला. माझ्या उमेदवाराला घरातून पाठिंबा मिळाला तो एवढाच.

तिसऱ्या मतासाठी तिनं यासुच्या नावावर बोट ठेवलं. कन्येला राहवलं नाही. ‘आजी, हा खरंच खुनी आहे. हा सगळ्यांना माहीत असलेला खुनी आहे.’

‘का केला खून?’

तेव्हा राखून ठेवलेली गोष्ट बाहेर आली. तो मेलेला कर्जवाला पूर्वी लबाडीनं लोकांना बुडवायचा. त्या लबाडीत यासुचे आई-वडील धुळीला मिळाले आणि त्यांनी जीव दिला. यासु तेव्हा लहान होता.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘वाईटच केलं. शिक्षा व्हायलाच पाहिजे.’

‘मग?’

‘मग काय? शिक्षा कोर्टानं द्यायची. हे मत आहे ना? लिही.’

कन्येनं लिहिलं. एकवीस मतांत यासुला ते एकच मत.

मतमोजणी कन्येनं जपानी पद्धतीनं केली. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो. जपानी लोक पाच रेघांचं एक अक्षर पुरं करत जातात; एका मताला एक रेघ. पाच मतं झाली की अक्षर पूर्ण. त्या अक्षराचा अर्थ आहे ‘बरोबर’. मित्सुरुगीच्या पुढे ते अक्षर पुरं उमटलं आणि वर एक रेघ उरली. इतोनोकोगिरींच्या पुढे दोन रेघा. यासुच्या नावापुढे एकच आडवी रेघ. ‘बरोबर’ लिहायला सुरुवात करावी आणि मधेच कोणी हाक मारावी, तशी. दिनदर्शिका अजून भिंतीवर आहे.